तोरकेलच्या नाकातला लाल ओघळ

त्या दुपारी तोरकेलच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. स्कार्वविकची अख्खी वस्ती लोटली होती. आज म्हणे मढं खुनी दाखवणार होतं.

हिवाळ्यात तिथली जमीन दगडासारखी होते, कबर खणता येत नाही. म्हणून मेलेली माणसं वसंतापर्यंत होड्यांच्या खोपटात ठेवायची रीत. कुऱ्हाडीच्या घावानं मेलेला तोरकेल दोन महिने तिथेच पडून होता आणि खुनी काही सापडत नव्हता. अशात अनफिन नावाचा फिरता उपदेशक उगवला.

"खुन्यानं हात लावला की मढ्याला रक्त फुटतं," अनफिन डोळे मिटून म्हणाला. "मी कोण सांगणारा? सांगणारा वरचा."

वरच्यानं एक काम मात्र यालाच दिलं होतं. कोणी कधी हात लावायचा, ते हा ठरवणार.

खोपटातून आणलेलं मढं टेबलावर, टेबल धगधगत्या शेगडीशेजारी. एकेक गडी येई, छातीवर हात ठेवी, आणि अनफिन लांबलचक प्रार्थना आळवी. अकरा जण सुटले. शेवटी सिव्हर्ट; त्याची बायको मारिट गर्दीतच उभी होती. गेल्याच रविवारी त्यानं अनफिनला चारचौघांत फुकटखाऊ म्हटलं होतं.

सिव्हर्टनं हात ठेवला आणि तोरकेलच्या नाकातून लाल ओघळ निघाला.

मग काय विचारता. तोरकेलच्या भावानं, ओलाफनं, पहिलं दांडकं घातलं. सिव्हर्टचे दात फुटले, एक डोळा गेला. ओलाफसह पाच जणांनी त्याला लाथा घालत फरफटत बाहेर नेलं, गोठलेल्या खाडीत मासेमारीसाठी पाडलेल्या भोकाकडे. मारिट मागे धावली, तर दोघांनी तिला भिंतीशी दाबून धरलं. तिनं एकाचा हात रक्त येईस्तोवर चावला. तरी सुटेना.

तिची नजर टेबलावर गेली. मढ्याजवळ कोणीच नव्हतं आणि ओघळ चालूच होता. दाढीवरचं बर्फ वितळून टपटपत होतं. दर हिवाळी ती त्याच खोपटातून मेंढराची गोठलेली मांडी आणून चुलीशेजारी टांगायची. त्या मांडीखाली असंच लाल पाणी साचायचं.

"अरे मेल्यांनो, बघा की," ती ओरडली. "आता कोण हात लावतंय त्याला?"

चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा पेडर वाकून बघू लागला. धरणाऱ्यांची पकड सैल झाली. मारिटनं झेप घेऊन अनफिनचं मनगट पकडलं आणि त्याचा पंजा मढ्याच्या छातीवर दाबला. भळकन लाल पाणी आलं.

"काय हो बुवा, तुम्हीच का मारलंत याला?"

"ही... ही सैतानाची करणी," अनफिन पुटपुटला.

"सैतान कसला, शेगडी आहे ती. मढं वितळेपर्यंत अकरा जण काढलेत, आणि माझा माणूस शेवटाला ठेवलात."

पेडर धडपडत खाडीकडे पळाला. अनफिन मागच्या दारानं सटकत होता, त्याला बायकांनी मानगूट धरून खाली बसवलं.

सिव्हर्टला पाण्यातून ओढून काढलं तेव्हा उशीर झाला होता. ज्या पाच जणांनी मारला, त्यांनीच उचलून आणला. वाटेतच त्याचे कपडे फळीसारखे कडक झाले. फुटलेल्या तोंडावरचं रक्त गोठून गेलं होतं.

मारिटनं त्यांना अंगणातच अडवलं. "हात काढू नका. पाचही खुन्यांचे हात लागलेत ना याला? दाखवा, कुठे रक्त फुटलंय?"

ओलाफ हात काढू लागला, तिनं तो परत दाबून धरला.

"नाही फुटणार. थंडीत गोठतं, उबेला सुटतं. खुनी कोण, ते रक्ताला काय कळतंय?" तिचा आवाज फाटला. "कुऱ्हाड कोणाची होती, त्या दिवशी कोण कुठे होतं, एकानं तरी विचारलंत? मारण्याआधी विचारायचं असतं रे. आधी विचारायचं."