रुखमाबाईच्या छातीतला जुना पंप

मी एक जुना पंप आहे, मित्रांनो. विहिरीवरचा नाही, छातीतला. घाटंजीजवळच्या एका गावातल्या रुखमाबाईच्या बरगड्यांमागे माझं बिऱ्हाड आहे. पुस्तकात मला हृदय म्हणतात. इकडे बाया 'दिल' म्हणतात.

रुखमाबाई आईच्या पोटात होती, तेव्हाच मी सुरू झालो. तेव्हापासून सुट्टी नाही. पोळ्याला बैलांना तरी मिळते! पण माझी तक्रार नाही. घर चांगलं मिळालं.

माझं काम सोपं आहे. अंगभर फिरून आलेलं रक्त माझ्यात भरतं आणि मी आवळून ते पुढे ढकलतो. जास्त रक्त आलं की मी जास्त ताणला जातो आणि तेवढ्याच जोराने आवळतो. आलेलं ठेवून घ्यायची मला सवयच नाही. शिवाय मेंदूचे निरोप असतात. रुखमाबाई भराभर चालली की 'हो जरा लवकर', झोपली की 'सावकाश'. चालताना तिच्या पोटऱ्या दाबल्या जातात आणि पायातलं रक्त माझ्याकडे वर येतं. त्या पोटऱ्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. तरुणपणी ती डोक्यावर भारा घेऊन धुऱ्याने, म्हणजे शेताच्या बांधाने, झपाझप निघायची. बाया म्हणायच्या, "रुखमाचा दम पाहा वो!" मी आतल्या आत खूश व्हायचो.

एका गोष्टीवर मात्र मी जाम चिडायचो. सोयाबीन सोंगायच्या, म्हणजे कापायच्या दिवसांत या बाया पाणीच पीत नाहीत. सोयाबीन गुडघ्याएवढं, रान उघडं, बाजूला मळणीयंत्रावरची गडीमाणसं. लघवीला जायला आडोसा कुठे? म्हणून बाटली भरलेली न्यायची आणि तशीच परत आणायची. घरात नवी आलेली सून ममता एकदा म्हणाली, "आत्याबाई, पाणी काहून नाही पेत?"

"पेलं का उठा लागते. कुठं जाशीन मंग?" रुखमाबाई म्हणाली. विषय संपला.

यंदा ऑक्टोबरचं ऊन भलतंच कडक होतं. रुखमाबाई शेतमालक पंजाबरावांच्या शेतात सकाळपासून उकिडवी बसून सोयाबीन कापत होती. घामावाटे पाणी गेलं, रक्त आटलं. दर ठोक्याला माझ्यात भरायचं ते निम्मंशिम्मं. म्हणून मी ठोके वाढवले. थोडं थोडं का होईना, पण भराभर पाठवायचं.

"मले धडधड होऊन राह्यलं वो," ती शेजारच्या सुखीबाईला म्हणाली.

"दिल कमजोर झालं तुहं," सुखीबाई म्हणाली.

दिल कमजोर? मी? अहो, विहिरीत पाणीच नसेल तर मोटार काय ओढणार!

तेवढ्यात रुखमाबाई पेंडी उचलून झटक्यात उभी राहिली. होतं नव्हतं ते रक्त पायांत उतरलं. माझ्याकडे थेंबभर आलं, मेंदूपर्यंत तेही पोचलं नाही. रुखमाबाई धाडकन पडली.

"आत्याबाई!" पलीकडे कापणारी ममता धावली. सगळ्या जमल्या. "उठवा, बसवा तिले!" पंजाबरावांनी मोटारसायकल आणली. "मधात बसवू. ममता, तू मांगून धर. दवाखान्यात नेतो."

बसवू नका हो! मी आतून ठोके देऊन सांगत होतो. बसवलं की रक्त खालीच राहतं. पण माझं कोण ऐकणार? गाडीवर बसवताच तिची मान लटकली. मित्रांनो, त्या वेळी मी खरोखर घाबरलो. मी आवळत होतो, पण आत जवळजवळ काहीच नव्हतं. आणखी थोडा वेळ असंच चाललं असतं, तर रुखमाबाईही नसती आणि मीही नसतो.

पंजाबरावांनी किक मारली. गाडी सुरू होईना. पुन्हा मारली. गाडी ढिम्म! ममताचे हात भरून आले. शेवटी बायांनी रुखमाबाईला बोरीच्या सावलीत आडवं केलं. जागा उताराची होती, म्हणून डोकं खाली ओळींमधल्या तासात आणि पाय वर धुऱ्यावर आले. कोणी मुद्दाम केलं नव्हतं.

आणि रक्त आलं! पायांतलं सगळं माझ्याकडे घरंगळत आलं. मी भरलो, ताणलो आणि जीव ओतून आवळलं. रुखमाबाईने डोळे उघडले. "काहून रडता वो?" ती म्हणाली. त्या खटारा गाडीला मी आजही दुवा देतो.

नंतर दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या लावून माझ्या ठोक्यांची रेघ पाहिली. "मावशी, हृदय छान आहे तुमचं. पाणी किती पिता?"

रुखमाबाई खाली पाहू लागली. ममता मात्र सरळ बोलली, "बायाइले आडोसा नाही मॅडम. म्हणून पेत नाही आमी."

दाराशी उभ्या पंजाबरावांनी ते ऐकलं. इतकी वर्षं शेत करून त्यांच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी शेताच्या कोपऱ्यात बांबू रोवून बायांच्या आडोशाला ताडपत्री बांधली.

बरी होऊन रुखमाबाई पुन्हा शेतात गेली, तेव्हा सगळ्यांसमोर तिने बाटली तोंडाला लावली. गटागटा पाणी प्याली. मग पदराने तोंड पुसून छातीवर हात ठेवला. "घे बाप्पा, तूही पे. फुकट बदनाम केलं तुले."

मी भरून आलो आणि सावकाश ठोके देत राहिलो.

मित्रांनो, माझ्याकडे येतं तेवढंच मी पुढे देऊ शकतो. तुमच्या आईच्या छातीतही माझ्यासारखाच एक पंप आहे. आज घरी गेल्यावर तिला विचारा, "आई, कामावर तुला पाणी पिता येतं का?" ती गप्प राहिली, तर बांबू शोधायला लागा.