वस्तादचा फवारा

दादा माणूस चांगला, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर पुढं ऐकता ऐकता कुणीतरी उगाच त्याच्या नावानं बोटं मोडेल. चौकाच्या कोपऱ्यावर त्याची लाँड्री होती. सगळं गाव त्याला दादा म्हणायचं आणि तोही कुणाला कधी वाकडा शब्द बोलायचा नाही. गिऱ्हाइकानं स्वतः फाडलेला सदरा ‘तुम्हीच फाडलात’ म्हणून आणला, तरी हा आपला रफू करून द्यायचा. बायको म्हणायची, ‘‘उद्या कुणी तुमचीच चड्डी मागितली, तर घडी घालून द्याल.’’

दुकानात पुढं काउंटर, मग एक पडदा, आणि पडद्यामागं धुण्याचं मोठं मशीन. त्याला दादा आणि वस्ताद ‘म्हैस’ म्हणत, कारण पाणी प्यायलं की ते डुलायला लागायचं. तिथंच मागं खिडकीशी इस्त्रीचं टेबल, आणि टेबलाशी वस्ताद. धुणं दादाचं, इस्त्री वस्तादची. दोघंही ऐन तारुण्यात तिथं उभे राहिले ते गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत तिथंच होते.

वस्ताद दादाच्या धर्माचा नव्हता. दोघांची देवळं वेगळी, प्रार्थना वेगळ्या, प्रार्थनेचे वारसुद्धा वेगळे. त्यामुळं एक जण रजेवर असला की दुसरा दुकान सांभाळायचा आणि दुकान कधी बंद म्हणून पडायचं नाही. ‘‘तुझा देव रजा देतो, तेव्हा माझा देव ओव्हरटाइम करतो,’’ असं वस्ताद म्हणायचा. देवाधर्मावरून दोघं रोज भांडायचे, आणि त्या भांडणाशिवाय दोघांनाही चहा गोड लागायचा नाही.

वस्तादची इस्त्री म्हणजे बघण्यासारखी गोष्ट. तो आधी खळखळून चूळ भरायचा, मग घोटभर स्वच्छ पाणी तोंडात धरून गाल फुगवायचा आणि असा फवारा सोडायचा की कापडावर नुसतं धुकं उतरावं. एक थेंब जाड पडायचा नाही. त्यावरून इस्त्री फिरली की सुती कापडसुद्धा ताठ मानेनं उभं राहायचं. त्याच्या तोंडात पाणी असलं की दादा संधी साधायचा. ‘‘बोल, आता बोल! माझा देव मोठा की नाही?’’ वस्ताद डोळे वटारायचा, फवारा सोडायचा, आणि मग तोंड मोकळं झालं की अशी एकेक ऐकवायचा की दादा हसून हसून म्हशीला टेकायचा.

मग हवा बदलली. कुठं लांबच्या शहरात दोन्हीकडच्या लोकांनी एकमेकांची डोकी फोडली आणि इथं बाजारात भाजी घेताना लोक भाजीवाल्याकडं आधी निरखून बघायला लागले. इथं कुणी कुणाला मारलं नाही. पण ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ हे दोन शब्द जो तो तोंडात घोळवायला लागला.

फुलांचं दुकान चालवणाऱ्या वहिनी एक दिवस प्रार्थनेच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आल्या. दादाच्याच धर्माच्या, स्वभावानं गरीब. काउंटरवर वाकून हळूच म्हणाल्या, ‘‘दादा, एक बोलू? राग नाही ना येणार?’’

ज्यानं असं विचारलं, त्याचं पुढचं वाक्य राग येण्यासारखंच असतं.

‘‘तुमचे इस्त्रीवाले तोंडानं पाणी मारतात ना…’’

‘‘चूळ भरून मारतो हो, वहिनी. एकदम स्वच्छ.’’

‘‘स्वच्छतेचं नाही हो. पण देवासमोर घालायचे कपडे आणि तोंड… म्हणजे… त्यांचं. माझं काही नाही बाई! सासूबाईंचं आहे.’’

वहिनींचं काही नव्हतं, सासूबाईंचं होतं. सासूबाईंना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, माझं काही नाही, देवाचं आहे. आणि देवाला विचारायला कोण जाणार?

दादानं काय करावं? फवाऱ्याची बाटली आणली, निळी, प्लास्टिकची. आणि वस्तादला सांगितलं, ‘‘आरोग्य खात्याची माणसं फिरतायत म्हणे. तोंडानं पाणी मारलेलं चालत नाही आता.’’ त्याला वाटलं, सापही मेला आणि काठीही मोडली नाही. वहिनी खूश, वस्तादचं मन शाबूत.

वस्तादनं बाटली उलटसुलट करून बघितली. ‘‘आरोग्य खातं?’’

‘‘हो ना.’’

‘‘बरं,’’ एवढंच तो म्हणाला आणि बाटली घेतली. तिचे थेंब जाड पडायचे, कापडावर डाग दिसायचे. तो ते पुसत बसायचा. त्या दिवसापासून भांडण झालं नाही. दादानं देवावरून दोन-तीनदा खोडी काढून बघितली, तर वस्ताद म्हणाला, ‘‘असेल बाबा तुझाच मोठा.’’ दादानं त्या दिवशी चहात दोनदा साखर घातली.

बाटलीनं भागलं असतं तर काय हवं होतं! पण भटाला दिली ओसरी, तर तो हातपाय पसरणारच. थोड्याच दिवसांत वहिनी आणखी दोघींना घेऊन आल्या. बाटली छान आहे हो, पण हात तर त्यांचाच ना? तेव्हा दादानं दोन ढीग केले. प्रार्थनेचे कपडे तो गुपचूप पिशवीत घालून घरी न्यायला लागला आणि दुपारी जेवण झाल्यावर स्वतः इस्त्री करायला लागला. इस्त्रीत त्याचा हात म्हणजे आनंदच. बायकोनं कपाळाला हात लावला. ‘‘अहो, ह्यांचंही मन राखायचं, त्याचंही मन राखायचं! एक ना धड, भाराभर चिंध्या होणार आहेत तुमच्या.’’

‘‘चार दिवसांची हवा आहे,’’ दादा म्हणाला. ‘‘जाईल निघून.’’

एकदा असाच एक पांढरा झगा गिऱ्हाइकासाठी काउंटरवर ठेवलेला वस्तादनं पाहिला. कॉलरवर करपल्याचा पिवळा डाग. ‘‘हे कुठल्या गाढवानं केलं?’’

‘‘मी,’’ दादा म्हणाला.

वस्ताद झगा हातात धरून स्टुलावर बसला. त्याला सगळं कधीच कळलं होतं. बाटलीच्या दिवशीच कळलं होतं. ‘‘लेका, ती आरोग्य खात्याची थाप तरी दुसऱ्या कुणाला मारायचीस,’’ तो म्हणाला. मग झग्याची घडी घालता घालता, ‘‘आमचा जावई खालच्या रस्त्यावर लाँड्री काढतोय. फक्त आमच्या लोकांसाठी. मला बोलावतोय. रोज घरी येऊन डोकं खातो.’’

दादाच्या तोंडचं पाणी पळालं. ‘‘तू जाणार?’’

‘‘मला नाही जायचं. तिथं सगळे माझेच. भांडू कुणाशी?’’ वस्ताद हसला, पण ते हसू टिकलं नाही. ‘‘माझं एक ऐक. पुढच्या वेळी त्या बाई आल्या की मला ऐकू येईल असं सांग, कपडे वस्तादच करणार. ठेवले तर ठेवले, नेले तर नेले. एकदा म्हण. मग जावयाला मी बघून घेतो.’’

‘‘हात्तिच्या, एवढंच ना?’’ दादा म्हणाला, आणि ते त्यानं अगदी मनापासून म्हटलं. घरी जाऊन बायकोसमोर वाक्य म्हणूनही बघितलं. बायको म्हणाली, ‘‘जरा मोठ्यानं.’’

आणि वहिनी आल्या. डोळे सुजलेले, हातात एकच शाल. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. या वेळच्या प्रार्थनेला खुर्चीवर बसवून न्या म्हणून त्यांनी हट्ट धरला होता. पुन्हा नेता येईल की नाही, कुणी सांगावं. ‘‘दादा, ही त्यांची शाल. तुम्हीच कराल ना? तुमच्याच हातानं? त्या सारखं विचारतायत हो.’’

पडद्यामागं इस्त्रीचा आवाज थांबला.

वाक्य दादाच्या ओठावर होतं. पण समोर ती रडवेली बाई, आणि तिच्या मागं मरायला टेकलेली म्हातारी. आजच्या दिवस नको, त्याच्या मनात आलं. एका शालीचा तर प्रश्न. पुढच्या वेळी सांगू, ठणकावून सांगू. वस्ताद शहाणा आहे, समजून घेईल.

‘‘मीच करतो, वहिनी,’’ तो म्हणाला. ‘‘दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. आजींना सांगा, निर्धास्त राहा.’’

वस्तादनं उरलेला ढीग संपवला. इस्त्रीची वायर काढली, ती गार होईपर्यंत उभा राहिला, मग टेबल पुसलं. दादा पडद्याशी आला.

‘‘तुझं चुकलं नाही रे,’’ वस्तादच म्हणाला. ‘‘म्हातारी आजारी आहे.’’ त्यानं चपला घातल्या आणि गेला. त्यानं आईमाईवरून शिव्या घातल्या असत्या तर दादाला त्या रात्री झोप लागली असती.

सकाळी टेबल रिकामं होतं. नंतर रोजच रिकामं राहिलं. दादानं एक इस्त्रीवाला ठेवला, ‘आपल्यातला’. तो बरा होता, पण मुका असल्यासारखा काम करायचा. वहिनींच्या सासूबाई प्रार्थनेला गेल्या, आणि पुढं वारल्याही. आता शालीचा प्रश्न उरला नव्हता. तेव्हा दादानं ठरवलं, वस्तादला घेऊन यायचं. माफी मागायची, पाय धरायचे, भर चौकात ओरडून सांगायचं. बायको म्हणाली, ‘‘जा. उशीर झालाय, पण जा.’’

खालच्या रस्त्यावरचं दुकान चकचकीत होतं. दोन नवी मशीनं, मागं इस्त्री करणारी तरणी माणसं. वस्तादच्या हातात इस्त्री नव्हती. जावयानं त्याला काउंटरवर बसवलं होतं, कारण लोक त्याच्या नावावर येत होते. दादा बाहेर उभा राहिला. आत एक वयस्क गृहस्थ आपले प्रार्थनेचे कपडे मोजून देत होते.

दादानं पायरीवर पाय ठेवला आणि तेवढ्यात गृहस्थांनी मान वळवली. दादाला ते ओळखत असावेत. चौकातल्या लाँड्रीवाल्याला कोण ओळखत नव्हतं? त्यांच्या कपाळाला आठी पडली. ‘‘वस्ताद, यांचं इथं काय काम? आमच्या कपड्यांना यांच्यातल्या कुणाचा हात तर लागत नाही ना?’’

वस्तादनं वर पाहिलं. दादा दिसला. एक क्षण त्याचा चेहरा असा उजळला की दादाला वाटलं, जमलं! आता उठतो, आता दोन शिव्या हासडतो, की चाललोच आम्ही.

वस्तादनं गृहस्थांच्या गाठोड्यावर हात ठेवला. ‘‘काळजी करू नका, काका,’’ तो म्हणाला. ‘‘त्यांच्यातलं कुणी इथं आत येत नाही.’’

दादानं पाय खाली घेतला. जरा वेळ तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला, आपण कुणाची तरी वाट बघतोय असं दाखवत. वस्ताद पावती लिहीत होता. त्यानं मान वर केली नाही.

घरी बायको दारातच होती. ‘‘भेटला?’’

‘‘भेटला.’’

‘‘येतो म्हणाला?’’

‘‘गिऱ्हाईक होतं गं,’’ दादा म्हणाला आणि त्यानं सगळं सांगितलं. सांगतानाही तो वस्तादची बाजू सोडेना. ‘‘त्याचं काय चुकलं? म्हातारा माणूस समोर उभा. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच बोललो असतो.’’

‘‘असतो कशाला?’’ बायको म्हणाली. ‘‘बोललातच की.’’