कूलिंग प्लांट

मंगळवारी सकाळी अकरा वाजता बोईसरजवळच्या एका नव्या इमारतीच्या फाटकाशी पापलेटच्या पेट्या भरलेला टेम्पो थांबला. तारापूरच्या खाडीकाठी राहणाऱ्या जयवंती आणि सपना, दोघी मासळीवाल्या, खाली उतरल्या.

"माल ठेवायचा हाय," जयवंतीने पहारेकऱ्याला सांगितले. "जितेशला सांग, आत्या आली."

"कौनसा माल? यहाँ कंप्यूटर है, मौसी. मच्छी मार्केट उधर."

"मार्केट मला नको दाखवू. सकाळ-संध्याकाळ तिथंच बसते मी."

गच्चीवर मोठमोठे पंखे घरघरत होते. शेजारी पाण्याच्या टाक्या होत्या. आपण बरोबर जागी आलो, याची जयवंतीला खात्री होती.

मागच्या वर्षी तिचा भाचा जितेश कंपनीचा माणूस म्हणून पाड्यावर आला होता. बोंबील वाळवायच्या मैदानावरून नव्या कारखान्याला विजेची लाईन न्यायची होती, मधोमध मनोरा उभा राहणार होता. कारखाना कसला, असे बायकांनी विचारले. "कूलिंग प्लांट हाय," तो म्हणाला. "एवढा मोठा जिल्ह्यात नाय."

पाड्यावर कूलिंग म्हणजे मासळीचेच. बर्फ सातपाटीहून येतो. गाडीला उशीर झाला की मासळी नरमते आणि गिऱ्हाईक नाक मुरडते. संमतीच्या बैठकीत पहिला हात जयवंतीने वर केला. सपनाचा हात खाली होता. जयवंतीने मनगट धरून तोही वर केला.

जितेश बाहेर आला. त्याच्या गळ्यात ओळखपत्र होते.

"आत्या, हितं नाय यायचं मासळी घेऊन."

"कूलिंग कुठं हाय?"

"आतल्या मशिनींना हाय. तापतात त्या. एआयला शिकवतात हितं."

"कितवीला हाय?" सपनाने विचारले.

टेम्पोवाला हसला. जितेश हसला नाही. "लई वीज लागते शिकायला. शिकून झालं तरी लागते, लोक रात्रंदिवस प्रश्न विचारतात ना. आता अर्धंच चालू हाय. पुरं चालवायला आपली लाईन लागेल."

"म्हंजी आमचं मैदान मशिनीला वारा घालायला दिलं?"

"मी खोटं नाय बोललो, आत्या. कूलिंग प्लांटच हाय."

"आमी काय समजलो ते तुला म्हाईत होतं का नाय?"

जितेशने पेट्यांकडे पाहिले. "तुमी विचारलं नाय."

"माझ्या ओसरीवर बोंबील खाऊन मोठा झालास, मेल्या. कूलिंग म्हंजी काय, ते मी तुला इचारायचं?"

तो आत गेला. टेम्पो बाजाराकडे वळला. वाटेत सपना एवढेच म्हणाली, "माझा हात खालीच होता."

बुधवारी बायकांनी मैदानात उभ्या राहिलेल्या मनोऱ्याभोवती बांबू रोवून बोंबलाच्या दोऱ्या बांधल्या. शुक्रवारी त्यांनी पुन्हा बैठक बोलावली आणि आधीची संमती मागे घेतली. जितेश आला नाही. कंपनीतर्फे आलेल्या साहेबांनी सांगितले की एकदा दिलेली संमती परत घेता येत नाही.

शनिवारी दुपारी कामगारांनी दोऱ्या सोडवून बाजूला ठेवल्या आणि तारा ओढायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत दोन तारा चढल्या होत्या. लाईनमध्ये वीज कधी सोडणार, हे पाड्याला कळवलेले नाही. मनोऱ्याखाली बायका बसून आहेत. त्यांत जयवंती आहे. सपना आलेली नाही.