दारातली चार अक्षरं

तीस वर्षं मी न्यू जर्सीत पेशंटना भूल दिली, पण रिटायर झाल्यावर जुलैतल्या एका रविवारी स्वतःच भुलले.

आमच्या रीमाने नोआमशी लग्न ठरवलं होतं. मुलगा गुणी, हसरा, माझी साबुदाण्याची खिचडी दोनदा मागून घेणारा. अडलं होतं ते त्याच्या वडिलांपाशी. हर्शल गणिताचे मास्तर होते आणि बायको गेल्यापासून कबालाच्या पोथ्यांत बुडालेले. त्या गूढविद्येत हिब्रूचं प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा, आणि देवाच्या नावातून सगळी सृष्टी उपजलेली. ज्यू नसलेली सून त्यांना पटेना. एकदा जेवायला येतो, मग सांगतो, एवढाच त्यांचा निरोप. नोआम म्हणाला, नाही म्हणाले तरी आपण करू. पण रीमाच अडून बसली.

"आई, त्याचे डॅड हॅपी नसतील तर मी नाही करणार. सो प्लीज, तू काही एक्स्ट्रा करू नकोस."

मी आणि एक्स्ट्रा नाही? एवढा पाहुणा यायचा आणि दार ओकंबोकं ठेवायचं? ओक ट्री रोडवरच्या इंडियन दुकानातून रांगोळी आणली. नेटवर त्यांच्या देवाचं चार अक्षरी नाव शोधलं. योद, हे, वाव, हे. एकेक अक्षर बघत सकाळीच उंबऱ्यासमोर टपोरं काढलं, भोवती कमळं, वर हळदकुंकू. काय सुरेख दिसत होतं म्हणून सांगू! माझं मलाच कौतुक वाटलं.

अकराला गाडी थांबली. हर्शल उतरले, पायरीशी आले आणि खाली बघून जागीच खिळले. नोआमचा चेहरा पांढराफटक.

"आँटी, हे नाव आम्ही असं कुठेही लिहीत नाही," तो कुजबुजला. "एकदा लिहिलं की पुसता येत नाही. ओलांडणं तर सोडाच."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. रांगोळी तर दुसऱ्या दिवशी झाडूनच टाकायची असते! रीमाने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. मी सरळ हात जोडले.

"सॉरी, हर्शल. वाटलं, देवाचं नाव दारात असलं की तुम्हाला बरं वाटेल. चूक माझी आहे. पोरीवर राग काढू नका."

ते चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. अहो, हसत होते!

"तुम्ही डावीकडून लिहिलंत," ते म्हणाले. "आम्ही उजवीकडून वाचतो. हे ते नाव नाहीच, त्याची उलटी मांडणी आहे. कबालात या अक्षरांच्या बारा मांडण्या आहेत, बारा महिन्यांच्या. ही तम्मुझ महिन्याची." त्यांनी डोळे पुसले. "आणि सध्या तम्मुझच चालू आहे."

"मग पुसलं तर चालेल?" रीमाने हळूच विचारलं.

"चालेलही. पण मी नाही पुसणार. जुनी पोथी झिजली की आम्ही ती टाकत नाही, पुरतो. हीसुद्धा पुरू."

घरात वरण निवत होतं आणि आम्ही दोघं म्हातारे गुडघ्यांवर! केकच्या ब्रशने चारही अक्षरं कागदी प्लेटमध्ये गोळा केली आणि गुलाबाखाली खड्डा खणला. त्यांचे गुडघे कडकड वाजले, माझेही. मुलं नुसती बघत उभी.

माती लोटून झाल्यावर हर्शल म्हणाले, "मुलाचा बाप आणि मुलीची आई, या नात्याला इंग्लिशमध्ये शब्दच नाही. आमच्या यिडिशमध्ये आहे. तुम्ही माझ्या मखतेनेस्ते. तुमच्या भाषेत आहे का काही?"

मागे रीमाचा हुंदका ऐकू आला.

"आहे ना," मी म्हटलं. "विहीण."

"वी-हीण," त्यांनी दोनदा घोकलं. "विहीण, जरा हात द्या. माझा गुडघा अडकलाय."