आधी मशीन, मग माणूस

केदारीच्या तळहातांना सारखा घाम सुटत होता. पँटला हात पुसावेत, मशीनला हात लावावा, की पुन्हा ओले. खानापूरच्या पलीकडं डोंगरातलं ते धरण. भिंतीवर वारा असा, की अंगात कापरं भरावं, आणि याला मात्र घाम.

धरणाचा तळाचा दरवाजा बंद होता होता मध्येच अडकला होता. खाली ओंडका अडकलाय एवढं कळलं होतं, पण फट किती राहिलीय ते वरून कोण सांगणार? फट बोटभर असली तर पाणबुड्या उतरून ओंडका कापणार. मोठी असली तर तिथलं पाणी माणसाला ओढून नेतं आणि दरवाज्याला असं चिकटवतं, की वरून दहा जणांनी दोर ओढला तरी माणूस सुटत नाही. म्हणून आधी कॅमेऱ्याचं मशीन सोडायचं. पिवळ्या रंगाचं, पेटीएवढं, लांब केबलच्या टोकाला पंख्यांवर पोहणारं. त्यानं बघून सांगायचं आणि मगच माणसानं उतरायचं, असा नेम होता.

आणि उतरणारा माणूस केदारीचा थोरला भाऊ परशराम.

वडगावात घरचे माग बंद पडल्यावर परशराम गोव्यात पाणबुड्याचं काम शिकला आणि मागनं त्यानं धाकट्यालाही आपल्याच ठेकेदाराकडं लावून घेतलं. एकादशीच्या कीर्तनात मात्र दोघं अजून शेजारी उभे राहत. परशरामच्या हाती टाळ, केदारीच्या गळ्यात मृदंग. काल कीर्तन सुटल्यावर मनुबाईनं, म्हणजे त्यांच्या आईनं, देवापुढचं कुंकू कागदात बांधून दिलं होतं. आधी मशीनला लाव, मग दादाला लाव, असं बजावलंही होतं. मागाला कुंकू लावल्याशिवाय धोटा न चालवणाऱ्या घरातली बाई ती.

सकाळी केदारीनं तसंच केलं. मशीनचं झाकण उघडं होतं. बोटानं कुंकू लावलं, हात जोडले, परशरामच्या कपाळाला टिळा लावला आणि त्याच हातांनी झाकण बसवून स्क्रू आवळले.

आता मशीनची शेवटची तपासणी चालली होती. पंपानं आतली हवा ओढून घ्यायची आणि काट्याकडं बघत राहायचं. काटा जागचा हलला नाही तर झाकण घट्ट. हलला, तर कुठंतरी वाट आहे. जिथनं हवा जाते तिथनं पाणीही शिरणार.

काटा हलत होता. हळूहळू, पण हलत होता.

केदारीनं नळी काढून पुन्हा बसवली. पुन्हा तेच.

ठेकेदाराचा साहेब किशन शहरातल्या कॅम्प भागातला. माणूस चांगला, पण ऑफिसच्या फोननं सकाळपासून त्याचा जीव खाल्ला होता. तो म्हणाला, काटा थोडासाच तर उतरतोय, अर्ध्या तासाचं काम आहे, सोडूया. तिकडं काठावर रबरी सूट चढवून बसलेला परशराम हसला.

"नवरी तरी लवकर नटती रं. ऱ्हाऊ दे तुझं मशीन. मी जाऊन हातानं चाचपून येतो की."

तो थट्टेत बोलला, पण खरंच गेला असता. केदारीला ते ठाऊक होतं. मशीन पाण्यात मध्येच बंद पडलं तर दादा कुणाचंही ऐकणार नाही.

"दादा, हलायचं न्हाय तितनं. तुला आईची आण हाय."

परशरामचं हसू ओसरलं.

केदारीनं स्क्रू सोडले. झाकणाखालची रबरी कडी बाहेर काढून उन्हात धरली. ग्रीसमध्ये लाल कण चिकटले होते. ज्या कुंकवानं दादाला जपायचं, तेच वाट करून बसलं होतं. देवाचा काय दोष? हात केदारीचेच होते.

"कुंकू माज्याच हातनं गेलं सर," तो म्हणाला.

स्वच्छ फडकं आणि नवी कडी किशननं पुढं केली. केदारीनं हात धुतले, खाच पुसली, नवं ग्रीस लावलं. मनात नामस्मरण चाललं होतं, पण त्यातही सारखं अडखळायला होत होतं. झाकण बसलं. हवा ओढली. काटा जागचा हलला नाही.

मशीन पाण्यात गेलं. केदारीच्या हातांतून केबल सरकू लागली. पडद्यावर हिरवट गढूळ, मग शेवाळलेली भिंत, मग ओंडका. बुवांनी आख्यानात ऐन ठिकाणी थांबावं आणि मंडपात श्वास ऐकू यावा, तशी शांतता पसरली. मग दिसलं, की पाण्यातला सगळा गाळ एकाच दिशेनं पळतोय.

केबलला हिसका बसला.

किशननं पंखे उलटे फिरवले, पण मशीन मागं येईना. दिव्याच्या उजेडात क्षणभर फट दिसली, माणूस खांद्यासकट आत जाईल एवढी, आणि पडदा काळा झाला. केदारीचे पाय घसरले. परशराम धावत आला, त्यानंही केबल धरली. दोघं भाऊ मागं रेलून ओढत राहिले. खालनं कुणीतरी तितक्याच जोरानं धरून बसल्यासारखी केबल ताठ.

"सोड, दादा," केदारी म्हणाला. "ऱ्हाऊ दे तितंच."

किशननं केबल भिंतीवरच्या खुंट्याला बांधायला लावली आणि ऑफिसला फोन लावला. आज कुणी उतरणार नाही, एवढंच सांगितलं.

परशराम काठापासून लांब, भिंतीवरच्या रस्त्याच्या मधोमध जाऊन बसला. सूटची चेन पाठीवर असते. त्याचा हात मागं गेला, पण चेन काही हाताला लागेना.

"काढ रं जरा," तो म्हणाला.

केदारीनं चेन खाली ओढली. रबराखाली दादाची पाठ घामानं भिजली होती आणि काळीज इतकं धडधडत होतं, की बोटांना कळत होतं. चेन पुरी उघडली तरी त्यानं पाठीवरचा हात काढला नाही.