केसरबाईसाठी पाहिलेली जागा

मेंढरं पारखण्यात सुग्रीवचा हात धरणारा सिरसाळ्याच्या बाजारात कोणी नव्हता. कुणाच्या मेंढवाड्यात पाय ठेवला की तो आधी वास घेई, मग चार पाठींवरून हात फिरवी, आणि शेवटी नुसता कान देऊन उभा राही. कळप शांत असला की पोटभर आहे, एवढं साधं त्याचं गणित. चाळीस वर्षं ते चुकलं नव्हतं, त्यामुळे त्याचा थोडा तोराही होता.

या दिवाळीनंतर मात्र त्याच्यावर आईसाठी जागा पाहायची पाळी आली. केसरबाईला भादव्यात लकवा मारला आणि तिची उजवी बाजू गेली. आता कळप घेऊन सात-आठ महिने बाहेर पडायचं, आज या शेतात तर चार दिवसांनी त्या शेतात. तिला काय घोड्यावर बांधून न्यायची? भावकीतले येऊन बसले, हळहळले, जेवले आणि आपापल्या घरी गेले. तेव्हा सुग्रीव आणि त्याची बायको शिवकन्या मनावर दगड ठेवून वृद्धाश्रम पाहायला निघाले.

पहिला पाहिला तो बीडला, स्टँडच्या मागच्या गल्लीत. आत पाऊल टाकलं तर नुसता कालवा. एक म्हातारा गार चहा दिला म्हणून आचाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. दोन म्हाताऱ्या खिडकीजवळच्या खाटेवरून हमरीतुमरीवर आल्या होत्या. तिसरीची चादर ओली झाली होती आणि ती एकसारखी हाका मारत होती. "आले गं माय, आले, गाव गोळा करू नको," असं म्हणत एक जाडजूड कामवाली कोरडी चादर घेऊन आली. खोलीला वास येत होता. सुग्रीवने नाकाला उपरणं लावलं ते बाहेर येईपर्यंत काढलं नाही.

दुसरा केजच्या रस्त्याला होता. फरशी चकचकीत, वास कसला तो नाही. चौदा खाटांवर चौदा म्हातारी माणसं, आणि आवाज फक्त पंख्याचा. सुग्रीव सवयीने कान देऊन उभा राहिला. मग एका म्हाताऱ्याजवळ वाकून त्याने विचारलं, "बाबा, जेवण येळंवर मिळतं का?"

"मिळतं," म्हातारा चटकन म्हणाला आणि पुन्हा भिंतीकडे पाहू लागला.

"मला न्हाई बरं वाटलं," बाहेर आल्यावर शिवकन्या म्हणाली. "कुणी कुणाशी बोलंनाच. बीडचंच बरं व्हतं, अवो."

"तितं उपाशी मेंढरावानी वरडत व्हते सगळे. तितं कावून ठिवायची मायला?"

"आत्याबाई मेंढरू न्हाईत."

सुग्रीवला ते झोंबलं. पण घरात शेवटचा शब्द त्याचा, आणि पारख तर त्याचीच. आठ दिवसांनी त्याने आईला केजच्या रस्त्यावरच्या त्या चकचकीत जागेत नेऊन ठेवलं. तो निघताना केसरबाईने रडारड केली नाही. "शिवकन्येला म्हनावं भाकरी पातळ थाप," एवढंच तिने वाकड्या झालेल्या तोंडाने बजावलं.

दीड महिन्याने कळप शिवकन्येवर सोपवून तो भेटायला आला. आई खाटेवर होती. लुगडं स्वच्छ, केस विंचरलेले, चेहरा मात्र सुकून एवढासा झालेला.

"कशी हाईस, माय?"

केसरबाईने आधी दाराकडे पाहिलं. दारात तिथली कामवाली हाताची घडी घालून उभी होती.

"लई चांगलं हाय," ती म्हणाली.

केसरबाई आणि चांगलं! जन्मात या बाईने कशाला चांगलं म्हटलं नव्हतं. सून आळशी, भाकरी जाड, लेक बिनअकली, देवसुद्धा तिच्या तोंडून सुटला नव्हता. लांडगा येऊन गेल्यावरही कळप ओरडत नाही. अंगाला अंग लावून मुका उभा राहतो. हे त्याने कितीतरी पहाटे डोळ्यांनी पाहिलं होतं. आईच्या वेळेलाच ते त्याला आठवू नये, यामुळे त्याला स्वतःचीच किळस आली.

"चल," म्हणून त्याने तिला उचललं. ऑफिसातल्या मॅडमनी कागद पुढे केला. तक्रार काय ते लिहा म्हणाल्या. त्याला काहीच लिहिता येईना. त्याने अंगठा उठवला आणि तो बाहेर पडला. रस्त्यावरून बीडच्या आश्रमाला फोन लावला, तर पावसाळ्यापर्यंत एकही खाट रिकामी होणार नाही असं कळलं. आता तिला कळपासोबत न्यायचं, उन्हातान्हात, पालात. किती दिवस निभेल, त्याला सांगता येत नव्हतं.

रिक्षा निघाली.  वाटेत केसरबाईने चांगल्या हाताने त्याची बाही ओढली आणि रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने विचारलं, "सुग्रीवा, पानी मागितलं तर चालंल का?"

सुग्रीवला कळेचना. "आसं कावून इचारतीस, माय?"

"दुपारच्याला देत न्हाईत ना," ती म्हणाली. "एकच घोट पिते. लुगडं वलं न्हाई करायची, लेका."