वकीलसाहेबांच्या आवारातली घसरगुंडी

मित्रांनो, मी अकोल्याच्या जठारपेठेतली, सागवानी फळीची एक जुनी घसरगुंडी. पुंजाजी सुतारानं मला घडवलं. रंधा मारून झाल्यावर त्यानं माझ्यावर तळहात फिरवून पाहिला. लेकरांच्या मांडीला टोचेल अशी एकही कूस त्यानं राहू दिली नाही. सत्तावन्न सालचा उन्हाळा होता तो.

त्याच वर्षी भगवंतराव वकिलांनी घरामागच्या आवारात बालवाडी उघडली. त्यांचा लहानगा नातू हरिहर आई दिसेनाशी झाली की आकांत करायचा, दुसऱ्याच्या हातातलं खेळणं ओरबाडायचा. शिकवायला अमरावतीहून विमलताई आल्या. हरिहरला सोबती हवेत म्हणून त्या वस्तीवस्तीत फिरल्या. कापसाच्या जिनिंगमध्ये रोजीनं जाणाऱ्या दुर्गाबाईच्या दारीही गेल्या. त्या वस्तीनं आदल्याच वर्षी बुद्धाची दीक्षा घेतली होती.

"एवढुशी पोर, तिले आतापासून शाळा कावून?" दुर्गाबाईनं विचारलं.

"शाळा नाही, बाई. खेळता खेळता बोलायला लागेल, चार लेकरांत मिसळेल. मग पुढं शाळेची धास्ती वाटणार नाही."

अशी दुर्गाबाईची शालू आली. आजवर ती दिवसभर सरकीच्या ढिगाजवळ एकटी बसलेली असे. बालवाडीतही ती माझ्या शिडीशी गुपचूप बसायची. ताईंनी तिला कधी ओढलं नाही. एकदा हरिहर वर चढला आणि भेदरून रडू लागला. शालू उठली, शिडी चढली आणि मागून त्याच्या कमरेला हात घातला.

"भेऊ नको. मी धरून राहिली ना तुले!"

तिचे त्या आवारातले ते पहिले शब्द. दोघं मिळून सर्रकन खाली आली. मग काय, शालूची बडबड थांबेना आणि हरिहर आपली पाळी येईस्तोवर उभा राहू लागला. दोघं हात धुऊन एका ओळीत डबा खायची, गाणी म्हणायची. माझ्या फळीला चकाकी आली ती त्यांच्या चड्ड्या-झग्यांनी.

पालकांच्या मेळाव्यात भगवंतरावांनी माझ्यावर हात ठेवून नातवाचं कौतुक केलं. दुर्गाबाईनं भीतभीत विचारलं, "वकीलसाहेब, शालू मोठ्या शाळेत जाईस्तोवर हे चालू राहीन ना?"

"दुर्गाबाई, हे आवार लेकरांचंच आहे. माझा शब्द आहे."

मित्रांनो, मी तो शब्द खरा मानला.

हरिहर पहिलीत गेला. न रडता बसतो, विचारलं की उत्तर देतो, म्हणून मास्तरांनी त्याची वाखाणणी केली. शालूचं मात्र अजून एक वर्ष बाकी होतं. त्याच वर्षी उन्हाळ्याची सुट्टी संपली तशी दुर्गाबाई तिला न्हाऊमाखू घालून घेऊन आली. फाटकाला कुलूप होतं. आत कापसाच्या गाठी रचल्या होत्या. भगवंतरावांनी आवार एका व्यापाऱ्याला दिलं होतं. विमलताईंनाही ते तिथंच, फाटकाशी कळलं.

"बालवाडीचं काम झालं आता," वकील ओसरीवरून म्हणाले.

"तुमच्या हरिहरचं झालं. शालूचं कुठं झालं?" ताईंनी विचारलं.

हरिहर आजोबांच्या मागं उभा होता. शालूनं त्याला हाक मारली. आजोबांनी "आत जा" म्हटलं, आणि तो मागं न पाहता आत गेला.

"मंग घसरगुंडी तरी द्या, लेकराईची हाय ते," दुर्गाबाई म्हणाली.

"सागवान आहे. कामात येईल."

आलेच मी कामात. माझी शिडी काढून चुलीत घातली. मला गाडीला टेकवून माझ्यावरून गाठी चढवू लागले. लोखंडी आकड्यांनी मी सोलून निघाले. एक दिवस हमालांसोबत रोजीनं आलेली दुर्गाबाई ओझं घेऊन माझ्यावर चढली. तिनं मला ओळखलं.

"जाईबाई," ती सोबतिणीला म्हणाली, "वकिलानं दार लावलं, पण ताईनं वर्षभर आमच्या वस्तीत निंबाखाली लेकरं बसवली. माही शालू आता दुसरीत हाय. वर्गात सगळ्याइच्या आधी हात वर करते."

मला आनंद झाला. पण त्या निंबाखाली लेकरं होती आणि मी नव्हते, ही ठसठस काही जात नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या घरी लेकरं येतील, खेळून-शिकून शाळेत जातील. त्या दिवशी आवाराच्या फाटकाशी जरा थांबा. बाहेर कुणाचं तरी लेकरू आईचं बोट धरून उभं असेल. त्याला आत येऊ द्या.